कुंडीतले निवडुंग आणि बांधावरचे निवडुंग

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे एक नवी हौस आली आहे. बारामतीच्या आसपास कुठल्याही रोपवाटिकेत जा. दर्शनी भागात जिथे पूर्वी गुलाब, मोगरा आणि जास्वंद असत, तिथे आता मूठभर आकाराच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या दिसतात. त्यांत जाड, गुबगुबीत पानांची, कुठे काट्यांची, तर कुठे मेणात घडवल्यासारखी दिसणारी झाडे असतात. त्यांना सक्युलंट म्हणतात. वाढदिवसाला ती भेट म्हणून देतात, कचेऱ्यांतील टेबलांवर ती असतात आणि आमच्या वर्गातील मैत्रिणींच्या खिडक्यांतही ती आली आहेत. एका कुंडीला शंभर-दीडशे रुपये सहज पडतात.

मी माळेगाव बुद्रुकची. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. अशा घरातील मुलीने शोभेच्या झाडांवर लेख लिहावा, याचे कुणाला नवल वाटेल. आईला मी विषय सांगितला तेव्हा ती म्हणाली, "निवडुंगावर लिव्हतीस? अगं, बांधावरचं निवडुंग कुणी इकत घेतं का?" आईचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जे झाड आपल्या आज्या-पणज्यांनी गरिबीची, ओसाड रानाची खूण म्हणून पाहिले, तेच आज रंगवलेल्या कुंडीत बसून शहरातून आपल्याकडे परत येते आणि आपण त्याचे पैसे मोजतो. मग बांधावर असताना ते आपल्याला सुंदर का दिसले नाही?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. अशी मांसल झाडे जरूर लावावीत. आपल्या कोरड्या हवेला ती चांगली शोभतात. परंतु ती निवडताना नवलाई आणि किंमत यांकडे न पाहता तीन गोष्टी विचाराव्यात. हे झाड मूळचे कुठले? आपल्या उन्हापावसात आणि आपल्या हातून ते जगेल का? आणि ते आपल्यापर्यंत कसे आले? एवढे विचारले की दुकानातील बरीच झाडे मागे पडतात आणि आजवर दुर्लक्षिलेली कितीतरी झाडे पुढे येतात.

ही झाडे अशी जाडजूड का असतात, हे आधी पाहू. जिथे पाऊस थोडा आणि बेभरवशाचा, अशा मुलखात राहून त्यांनी पाणी साठवण्याची सोय स्वतःच्या अंगातच करून घेतली. कोरफड आणि पानफुटी पाणी पानांत साठवतात, निवडुंग खोडात साठवतो, तर अडेनियम बुडाशी फुगलेल्या गड्ड्यात साठवते. पाणी उडू नये म्हणून वर मेणचट साल असते. पण त्यांची खरी युक्ती वेगळीच आहे. इतर झाडे दिवसा पानांवरील सूक्ष्म छिद्रे उघडून हवा आत घेतात आणि तेवढ्या वेळात त्यांचे पुष्कळ पाणी उडून जाते. मांसल झाडांपैकी बरीचशी ही दारे रात्री, गारव्याला उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ती आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतात आणि दिवसा दारे लावून, उन्हाच्या बळावर त्याचे अन्न करतात.

या गोष्टीचा एक पहिला धागा आपल्या देशातच सापडला होता. बेंजामिन हाइने नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात इकडे काम करीत होता. पानफुटीचे पान सकाळी चावले तर आंबट लागते, दुपारी बेचव होते आणि संध्याकाळी किंचित कडवट लागते, असे त्याच्या ध्यानात आले. त्याने ते लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवले आणि १८१५ साली ते छापून आले. पानफुटीच्या कुळावरूनच पुढे या रात्रपाळीच्या क्रियेला शास्त्रीय नाव मिळाले. कारखान्यात रात्रपाळी करणारी माणसे आमच्या गावात घरोघरी आहेत. झाडांतही रात्रपाळी असते, हे वाचून मला त्या झाडांविषयी जवळीक वाटू लागली.

आता नावांचा घोळ. आपण ज्याला सरसकट निवडुंग म्हणतो, त्यात दोन अगदी वेगळी कुळे आहेत. खरे कॅक्टस हे अमेरिका खंडाचे. एखाद्या जातीचा अपवाद सोडला तर कोलंबसाच्या आधी ते आपल्याकडे नव्हतेच. आपला जुना तीनधारी निवडुंग आणि कुंपणाचा शेर ही झाडे एरंडाच्या कुळातील, म्हणजे युफोर्बिया जातीची. ती ओळखण्याची खूण सोपी आहे. टोक किंचित मोडले आणि पांढरा चीक भळभळा आला, तर ते युफोर्बिया. कॅक्टसला असा चीक सहसा नसतो आणि त्याचे काटे लहान लवदार गादीसारख्या ठिपक्यांतून झुबक्याने निघतात. ही ओळख केवळ पुस्तकी नव्हे. शेराचा किंवा निवडुंगाचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. ज्या घरात रांगते मूल आहे, त्या घराच्या ओट्यावर असे झाड ठेवू नये. ठेवायचेच असेल तर हात पोचणार नाही अशा जागी ठेवावे आणि छाटल्यावर हात साबणाने धुवावेत. रोपवाटिकेतील चिठ्ठीवर झाडाची किंमत लिहिलेली असते, हे मात्र लिहिलेले नसते.

झाड मूळचे कुठले हे का विचारावे, याचा धडा फड्या निवडुंगाने आपल्या देशाला एकदा दिलेला आहे. हा निवडुंगही अमेरिकेतलाच. त्यावर एक बारीक कीटक पोसला जातो आणि त्यापासून किरमिजी रंग मिळतो. तांबड्या डगल्यांच्या फौजा बाळगणाऱ्या इंग्रजांना तो रंग हवा होता. १७९५ साली तो कीटक म्हणून जो कलकत्त्यास आणला, तो निघाला दुसऱ्याच, हलक्या जातीचा. रंगाचा धंदा काही बसला नाही. निवडुंगाच्या एका जातीचा त्या कीटकाने फडशा पाडला, पण इतर जाती राहिल्या आणि लोकांनी त्या कुंपणाला लावल्या. बघता बघता त्या कुंपण सोडून गायरानात आणि रानात शिरल्या. "कुंपणानेच शेत खाल्ले" ही म्हण दक्षिण हिंदुस्थानात अक्षरशः खरी झाली. अखेर १९२६ साली श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचा कीटक आणून सोडला, तेव्हा थोड्याच वर्षांत तो निवडुंग आटोक्यात आला. म्हणून मला वाटते की, कुंडीतला कॅक्टस छाटला तर त्याचे तुकडे ओढ्याच्या काठी किंवा गायरानात फेकू नयेत. पडेल तिथे रुजणे हाच त्याचा गुण आहे आणि तोच त्याचा दोषही आहे.

दुसरा प्रश्न जगण्याचा. येथे आपण बागायती गावाची माणसे जरा विचार करायला हवा. बारामती तालुका पर्जन्यछायेतला. परंतु इंग्रजी अमदानीत नीरेचा डावा कालवा आला आणि त्याखालच्या गावांचे नशीब पालटले. माळेगावचा ऊस, गुऱ्हाळे, पुढे सहकारी साखर कारखाना आणि आज माझ्यासारखीचे कॉलेज, हे सारे त्या पाण्याच्या पोटी जन्मले आहे. मात्र त्याच पाण्याने आपल्याला एक सवयही लावली. झाड म्हटले की आपला हात पाण्याकडे जातो. शेजारच्या काकूंकडे लेकीने पुण्याहून आणलेल्या चार सुंदर कुंड्या होत्या. काकूंनी त्यांना तुळशीबरोबर रोज सकाळी तांब्याभर पाणी घातले. महिन्याभरात चारही झाडे बुडाशी मऊ होऊन बसली. काकू म्हणाल्या, "एवढं जीव लावून केलं, तरी गेली." झाडे प्रेमाच्या कमतरतेने गेली नव्हती, ती पाण्याने कुजली होती.

हे आपल्या शेताहून वेगळे आहे काय? नीरा कालव्याखालच्या जमिनींना जादा पाणी देऊन त्या पाणथळ आणि क्षारपड होण्याचा प्रश्न इंग्रजांच्या काळापासून चर्चेत आहे. पाणी कमी पडले तर पीक वाळते, हे सर्वांना दिसते. पाणी जास्त झाले की मुळांना हवा मिळत नाही आणि जमीन आतून नासते, हे मात्र उशिरा दिसते. चोपण झालेल्या रानाच्या बांधावर जो कुणी उभा राहिला असेल, त्याला कुंडीतल्या सक्युलंटचे दुखणे समजावून सांगायला नको.

तेव्हा नियम सोपे आहेत. कुंडी मातीची असावी आणि तिच्या बुडाला भोक असावे. भोक नसलेली चिनी मातीची कुंडी कितीही देखणी असली तरी ती या झाडाची कबर होते. आपली काळी माती एकटी वापरू नये. ती पाणी धरून ठेवते. मुरूम किंवा बारीक खडी आणि जाड वाळू मिळून निम्म्याहून जास्त घ्यावी, बाकी पोयटा आणि मूठभर जुने, कुजलेले शेणखत. कारखान्याची मळी उसाला अमृत असेल, या झाडांना ती नको. पाणी घालण्याआधी बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहावे. आत ओल लागली तर तांब्या परत न्यावा. पावसाळ्यात, विशेषतः परतीचा पाऊस झोडपतो त्या दिवसांत, कुंड्या पत्र्याखाली किंवा वळचणीपासून दूर घ्याव्यात. बाजारातून आणलेले झाड एकदम वैशाखाच्या उन्हात ठेवू नये. ते जाळीच्या सावलीत वाढलेले असते. त्याला आठ-पंधरा दिवस कोवळ्या उन्हाची सवय लावावी.

आता दुकानातील झाडांकडे वळू. सर्वांत जास्त डोळ्यांत भरतो तो हिरव्या दांड्यावर बसवलेला लाल किंवा पिवळा गोळा. पुष्कळांना ते एकच झाड वाटते. वस्तुतः ते कलम असते. वरचा गोळा ही एका कॅक्टसची अशी उपज आहे की, तिच्यात हरितद्रव्यच नाही. तिला स्वतःचे अन्न करता येत नाही, म्हणून ती खालच्या हिरव्या दांड्याच्या जिवावर जगते. खालचा दांडा बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या जातीचा असतो. दोघांची वाढ जुळत नाही आणि काही वर्षांत हे लग्न मोडते. हे ठाऊक असूनही कुणाला घ्यायचे असेल तर घ्यावे. पण वर्षानुवर्षे सांभाळायचे झाड म्हणून घेऊ नये. काही ठिकाणी तर साध्या कॅक्टसच्या डोक्यावर सुकी रंगीत फुले गोंदाने चिकटवलेली असतात. फूल खरे आहे की चिकटवलेले, हे जवळ वाकून पाहिले तर कळते. चिकटवलेले फूल मिटत नाही आणि झडतही नाही, यावरूनच ओळखावे.

गुलाबाच्या फुलासारखी पाने रचलेली एचेव्हेरिया फार मोहक दिसते. ती मुख्यतः मेक्सिकोकडची; त्यांतल्या पुष्कळ जाती उंच डोंगरांवरच्या, जिथे दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री थंडी असते. आपल्या हिवाळ्यात ती खुलते, पण मे महिन्याची रात्रसुद्धा तापलेली असते आणि त्यानंतर दमट पावसाळा येतो, तेव्हा ती हात टेकते. नवशिक्याने तिच्यापासून सुरुवात करू नये. त्यापेक्षा आफ्रिकेतील हॉवर्थिया बरी; तिला कडक ऊन नको असते, त्यामुळे खिडकीत किंवा वसतिगृहाच्या खोलीतही ती राहते. जेड म्हणून जे लहान गोल पानांचे झाड मिळते, तेही सोशिक आहे आणि फांदी खोचली की लागते. ज्याच्या अंगणात दिवसभर ऊन असते, त्याने अडेनियम लावावे. फुगलेले बूड, वर थोड्या फांद्या आणि ऐन उन्हाळ्यात गुलाबी फुले. आपले ऊन त्याला मानवते. त्याचा चीकही विषारी असतो, एवढे ध्यानात ठेवावे. ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटावरून ज्याला इंग्रजी नाव पडले, ते मादागास्करचे युफोर्बिया मिली जवळपास वर्षभर फुलते आणि फारसे लाड मागत नाही.

पण माझा जीव आहे तो न विकल्या जाणाऱ्या झाडांवर. दाराच्या चौकटीला दृष्ट लागू नये म्हणून उलटी टांगलेली कोरफड आपण सर्वांनी पाहिली आहे. मातीविना, पाण्याविना ती महिनोन्महिने हिरवी राहते. तिच्याइतके जिवट झाड दुकानात कुठले आहे? तिला एकदा रुंद मातीच्या कुंडीत, मुरमात लावून पाहा. तिचे निळसर हिरवे पात्यांचे चक्र कुठल्याही परदेशी झाडाच्या तोडीचे दिसते. चिनी गुलाब, ज्याला बायका 'ऑफिस टाइम' म्हणतात, तो फुटक्या बादलीतसुद्धा ऊन चढले की रंगांची उधळण करतो. ओव्याच्या पानाचे झाड शोभेला शोभा आणि भज्यांना भजी. पानफुटीचे पान वहीत ठेवले तरी त्याच्या कडेने रोपे फुटतात. मुलांना झाडाची गोडी लावायची असेल तर याहून चांगला मास्तर नाही. आणि घोळ! पावसाळ्यात रानात आपोआप उगवणारी ती लालसर देठांची, मांसल पानांची भाजी. ती सक्युलंटच आहे. उथळ कुंडीतून तिला खाली लोंबू दिली तर किती सुंदर दिसते, हे तिला निंदून फेकणाऱ्या आपल्याला कधी पाहायलाच मिळाले नाही.

बांधावरच्या घायपाताचे काय? निळसर तलवारींचा तो घोस मोठ्या बागेच्या कोपऱ्यात फार रुबाबदार दिसतो. आयुष्यात एकदाच त्याच्या मधून उंच दांडा येतो, तो फुलतो आणि झाड संपते. मागे पिल्ले ठेवून जाते. त्याच्या पानांचा वाख काढून, दोर वळून किती घरांनी पोट भरले आहे! मात्र त्याची टोके सुईसारखी असतात, म्हणून तो येण्याजाण्याच्या वाटेवर किंवा शाळेच्या आवारात नको.

येथे कुणी म्हणेल की, तुम्ही आपली आपली म्हणता ती झाडे तरी कुठे आपली आहेत? आक्षेप खरा आहे. कोरफड अरबस्तानाकडची, घायपात मेक्सिकोचा, पानफुटी मादागास्करची आणि शेर आफ्रिकेचा. मिरची आणि बटाटा जसे बाहेरून येऊन आपले झाले, तशीच ही झाली. म्हणून मी परदेशी झाडे वाईट आणि देशी तेवढी चांगली असे म्हणत नाही. जे झाड इथल्या मुरमात, इथल्या पावसात, दुसऱ्याच्या शेतात न घुसता टिकते, ते आपले. पाहुणा कुठून आला यापेक्षा तो घरात कसा वागतो, हे अधिक महत्त्वाचे.

तरीही काही झाडे मात्र अगदी आपल्या मातीची आहेत आणि त्यांच्यासाठीच मला तिसरा प्रश्न विचारावासा वाटतो. माझ्या आजीचे माहेर तालुक्याच्या जिरायती भागात, सुप्याच्या बाजूला. लहानपणी शेळ्यांमागे माळावर हिंडताना भूक लागली की ती आणि तिच्या मैत्रिणी माकडशिंग मोडून खात. गवताच्या आडोशाने, खडकाच्या फटीत बोटाएवढ्या जाडीची, कोनदार, हिरवी दांडी उभी असते. पाने जवळजवळ नाहीतच. दुष्काळात ती माणसांच्या पोटाला आधार देत असे. या माकडशिंगाच्या नात्यातलेच एक झाड आपल्या पुणे जिल्ह्याचा अभिमान आहे. त्याचे नाव शिंदळ माकुडी. शिवनेरीवर ते सापडते म्हणून त्याला शिवसुमन असेही म्हणतात. १८६० च्या दशकात डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने जुन्नरच्या परिसरातून त्याची जगाला ओळख करून दिली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून त्याचे नाव फ्रेरिया इंडिका ठेवले. महाराष्ट्राबाहेर ते निसर्गात कुठेच आढळत नाही. कड्याच्या खडकात ते लोंबते, पावसाळ्यात मांसल पाने धरते आणि पाच पाकळ्यांची, गर्द तांबड्या रंगावर पिवळे ठिपके असलेली चांदणीसारखी फुले देते. आज ते दुर्मिळ आणि धोक्यात आलेले झाड मानले जाते.

अशा झाडाचे नाव ऐकले की हौशी माणसाचा हात शिवशिवतो. सहलीला गडावर जावे आणि एक फांदी, नाहीतर मुळासकट एक गड्डाच उचलून आणावा, असा मोह होतो. मी येथे स्पष्ट सांगते की, हे करू नये. कड्यावरून उपटलेले झाड ज्या कुंडीत आले, ती कुंडी कितीही देखणी असो, ती शोभेची राहिली नाही. दक्षिण आफ्रिकेत २०१९ नंतर लहान, दगडांसारख्या दिसणाऱ्या सक्युलंट झाडांची अशी चोरटी तोड सुरू झाली की, लाखो झाडे तस्करांकडून जप्त करावी लागली. घेणारे दूर देशी होते. त्यांना फक्त खिडकीत एक नवलाची कुंडी हवी होती. खणणारे बहुधा गरीब गावकरी होते. गिऱ्हाइकाने "हे रोप फांदीपासून केलेले की रानातून आणलेले?" एवढे जरी विचारले असते, तरी त्या माळरानांची ही दशा झाली नसती. शिवसुमनाची फांदी तर सहज रुजते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. अशा जाणत्या ठिकाणी विचारून, फांदीपासून वाढवलेले रोप मिळाले तर जरूर लावावे. न मिळाले तर शिवनेरीवर जाऊन, दोन हात दूर उभे राहून पाहावे आणि परत यावे.

या विषयावर बोलताना मला दोन आक्षेप हमखास ऐकू आले. पहिला वडीलधाऱ्यांचा: काटेरी झाड दारात लावू नये, घरात भांडणे होतात. त्यांच्या भावनेचा मी अनादर करीत नाही. परंतु गुलाबालाही काटे असतात आणि लिंबालाही असतात. ती झाडे आपण दारात लावतोच. मुलाबाळांना काटा लागू नये, हा त्या सांगण्यातील शहाणपणाचा भाग घ्यावा आणि भांडणाचे खापर निवडुंगावर फोडू नये. दुसरा आक्षेप मला अधिक टोचला. एक जण म्हणाला, "शोभेची झाडं हा श्रीमंतांचा खेळ; आपल्याला त्याचं काय?" मी विचारते, का? आजी शेणाने सारवलेल्या अंगणात रोज रांगोळी काढत आली, ती काय पोट भरण्यासाठी? गरिबाच्या घराला सौंदर्याची गरज नाही, हे कुणी ठरवले? आणि मांसल झाडांइतकी गरिबाला परवडणारी शोभा दुसरी कुठली? फुटके मडके, मूठभर मुरूम, शेजारणीकडून मागून आणलेली एक फांदी आणि आठवड्याला पेलाभर पाणी. उन्हाळ्यात जिरायती गावांतील बायकांना अजूनही टँकरची वाट पाहावी लागते. तिथे हिरवळ आणि शेवंती फुलवा असे सांगणे ही थट्टा होईल. पण त्या अंगणातही कोरफड आणि चिनी गुलाब मानाने राहू शकतात.

शिवाय निवडुंगाचे कूळ आता केवळ शोभेचे राहिलेले नाही. आमच्या शेजारच्या माळेगाव खुर्दला २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली. तिची जमीन म्हणजे निव्वळ खडकाळ माळ होता. अशा हलक्या, मुरमाड जमिनीत ड्रॅगन फ्रूट कसे घ्यावे, याचा अभ्यास तिथे झाला आहे. ड्रॅगन फ्रूट म्हणजे चढणारा कॅक्टसच. सिमेंटच्या खांबाभोवती रोपे लावतात आणि वर गोल कडे बसवून फांद्या छत्रीसारख्या खाली सोडतात. त्याचे मोठे पांढरे फूल रात्री उमलते आणि सकाळी उन्हाबरोबर मिटते. ज्या माळाला आपले वाडवडील 'काही पिकत नाही' म्हणून सोडून देत, तिथे निवडुंगाच्या भाऊबंदांनी शेतकऱ्याला पैसा मिळवून द्यावा, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. आईच्या प्रश्नाला आता उत्तर देता येते. होय, निवडुंग विकत घेतात आणि त्याची शेतीही करतात.

शेवटी एक सूचना करते. कॉलेजांच्या आवारात दर पावसाळ्यात वृक्षारोपण होते, फोटो निघतात आणि मार्चपर्यंत निम्मे खड्डे रिकामे होतात. आपल्या कॉलेजने यंदा एक मुरमाड कोपरा मांसल झाडांसाठी राखून ठेवावा. खर्च जवळजवळ नाही. प्रत्येकाने घरून एक फांदी किंवा एक पिल्लू आणावे: कुणी कोरफड, कुणी ओव्याचे पान, कुणी चिनी गुलाब. मागच्या बाजूला, जाण्यायेण्याच्या वाटेपासून दूर, तीनधारी निवडुंग आणि घायपात असावेत. प्रत्येकापुढे पाटी लावावी. तिच्यावर गावाकडचे नाव, शास्त्रीय नाव, मूळ देश आणि चीक विषारी असल्यास तशी सूचना लिहावी. गावाकडची नावे गोळा करण्याचे काम आम्ही कला शाखेचे विद्यार्थी करू. त्यासाठी आम्हाला घरच्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे लागेल आणि त्यांना विचारावे लागेल की, आजी, हे झाड तुमच्याकडे काय म्हणून ओळखतात, त्याचे काय करीत असत. या नावांपैकी पुष्कळशी अजून कुणी लिहून घेतलेली नाहीत आणि ती ठाऊक असणारी माणसे आता थोडी उरली आहेत. झाडे मुरमात तग धरतील. नावांना तसा तग धरता येत नाही. म्हणून हे काम या पावसाळ्यातच सुरू व्हावे, असे मला वाटते.